साष्टीदेशाचा संक्षिप्त परिचय

परराष्ट्रीय प्रवासी आणि व्यापारी यांच्या मार्गदर्शनार्थ निरनिराळ्या वकिलाती, बँका आणि विमानकंपन्या देशपरिचयाची जी टिपणे छापतात, ती वाचण्याचा मला फार दिवसांचा शौक आहे. एखाद्या अवाढव्य देशाची राजधानी, नाणे, हवामान, विजेचा दाब, बक्षिसीचा दर आणि यजमानाच्या पत्नीशी हस्तांदोलन करावे की लांबूनच नमस्कार करावा याविषयीचा निर्णय, हे सर्व दोन पानांत, तेही नकाशासकट, बसवणाऱ्या त्या अज्ञात लेखकांविषयी मला आदर वाटतो. कारण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचनादेखील इतक्या थोड्या जागेत कधी बसवता आलेली नाही. तथापि या टिपणांत एक मूलगामी दोष राहून गेला आहे, तो असा की ती ज्या मुंबईचे वर्णन करतात तिच्याशी प्रवाशाचा प्रत्यक्ष संबंध फारसा येतच नाही. मुखपृष्ठावर चित्र असते गेटवे ऑफ इंडियाचे. ती कमान १९२४ साली खुली झाली तेव्हा गोरे साहेब बोटीतून येत. आज व्यापारानिमित्त येणारा गृहस्थ सहारला, म्हणजे महसुली दप्तराच्या भाषेत मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी तालुक्यात, विमानातून उतरतो. त्याची बैठक मरोळच्या औद्योगिक वसाहतीत असते, त्याचे प्रदर्शन गोरेगावच्या नेस्कोत भरते, रात्रीचे भोजन पवईच्या तलावाकाठी होते आणि निद्रा पुन्हा सहारच्या हॉटेलात. आणि मायदेशी गेल्यावर घरच्यांनी मुंबईविषयी विचारले म्हणजे तो मुकाट्याने गेटवेचे चित्र काढून दाखवतो. ज्या मुलखात त्याने खरोखर चार दिवस काढले, त्या मुलखाचे टिपण कोणत्याच वकिलातीने छापलेले नसल्यामुळे ते काम येथे हाती घेतले आहे.

प्रथम राजकीय दर्जाविषयी. नकाशात ज्यास साष्टी बेट म्हणतात ते १५३४ पासून पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ते बळकावले आणि १७८२च्या सालबाईच्या तहात त्या कृत्यावर रीतसर शिक्कामोर्तब करून घेतले. ज्या भूमीसाठी इतक्या सत्तांनी रक्त सांडले, तिचे पुढे करावयाचे काय, हे मात्र कोणत्याच सरकारला नीटसे ठरवता आलेले दिसत नाही. १९२० साली उपनगरांचा निराळा जिल्हा केला; १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश महापालिकेत घातला; आणि १९९० साली पुन्हा निराळा जिल्हा काढून त्याची कचेरी वांद्र्याला बसवली. कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे त्याचे तीन तालुके आहेत, जिल्हाधिकारी आहेत, तहसीलदार आहेत, परंतु जिल्हा परिषद नाही. महापालिका आम्हांस मुळाक्षरांनी ओळखते: घाटकोपर म्हणजे 'एन', बोरिवली म्हणजे 'आर मध्य', अंधेरीला 'के'ची दोन शकले, पूर्व आणि पश्चिम, आणि मुलुंड म्हणजे 'टी'. 'टी'च्या पुढे पालिकेची मुळाक्षरे संपतात आणि ठाणे लागते. इतक्या कागदपत्रांनी मुंबईत दाखल झालेला बोरिवलीचा मनुष्य मात्र चर्चगेटला जायला निघाला की घरात सांगतो, "जरा मुंबईला जाऊन येतो," आणि त्याच्या या विधानावर, साठ वर्षांहून अधिक काळ पालिकेचा कर भरूनही, घरातले कोणी आक्षेप घेत नाही.

सीमांविषयी परदेशी पाहुण्याने विशेष चिंता करू नये. उत्तरेस दहिसरचा आणि पूर्वेस मुलुंडचा नाका आहे. या नाक्यांवर पूर्वी जकात भरावी लागे, ती १ जुलै २०१७ रोजी नव्या करपद्धतीबरोबर गेली. मग पथकर तेवढा राहिला होता, तोही ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना माफ झाला. आता मोटारींना तेथे थांबण्याचे कायदेशीर कारण उरलेले नसूनही त्या पूर्वीप्रमाणेच थांबतात, कारण एवढ्या वर्षांची वहिवाट एका शासननिर्णयाने मोडत नाही. दक्षिण सीमा अधिक स्पष्ट आहे. पश्चिमेकडे वांद्रे आणि पूर्वेकडे शीव येथपर्यंतच रिक्षाला मुभा असून त्यापलीकडे टॅक्सीचे राज्य सुरू होते. तेव्हा जेथवर काळ्या-पिवळ्या रंगाचे तीनचाकी वाहन दिसते तेथवर आमचा देश, एवढी एक खूण पाहुण्याने ध्यानात ठेवली तरी पुरे.

या राष्ट्रीय वाहनाचे भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे, आणि मीटरप्रमाणेच आकारले जाते, ही गोष्ट मी अभिमानाने नमूद करतो, कारण शेजारच्या कित्येक शहरांस ती आजतागायत साधलेली नाही. अडचण भाड्याची नसते, संमतीची असते. मोटार वाहन कायद्याने भाडे नाकारणे हा अपराध आहे हे रिक्षावाल्यास पूर्णपणे ठाऊक असते, म्हणून तो नाकारत नाही. तो रिक्षाचा वेग कमी करतो, थांबवत नाही. तुमच्याकडे पाहत नाही, समोरच्या काचेतून दूर क्षितिजाकडे पाहतो. तुम्ही "साकीनाका" म्हणता. मग त्याची हनुवटी अर्ध्या इंचाने वर जाते, किंवा मान एका बाजूला एवढीशी झुकते, किंवा काहीच घडत नाही आणि रिक्षा पुढे निघून जाते. पहिल्याचा अर्थ नकार, दुसऱ्याचा होकार आणि तिसऱ्याचा अर्थ असा की त्या गृहस्थाची गाडी पुसून परत करण्याची वेळ झालेली आहे. एका परदेशी बाईंनी चकाल्याच्या नाक्यावर या तिन्ही खुणांना उद्देशून "थँक यू" म्हटलेले मी पाहिले आहे. आमच्याकडचे जाणते लोक ठिकाण न सांगता प्रथम आत बसतात, पिशवी मांडीवर घेतात, आणि रिक्षा चालू लागल्यावर अत्यंत सहजपणे, जणू आताच सुचले अशा सुरात, ठिकाणाचे नाव उच्चारतात.

भूगोलात येथे दिशा दोनच: पूर्व आणि पश्चिम; आणि त्यांचा सूर्याशी संबंध नसून रेल्वेशी आहे. रुळांच्या या अंगाचा मनुष्य त्या अंगाला जन्मभर परका असतो. अंधेरीत तर ही फाळणी इतकी पक्की आहे की पूर्वेच्या कचेरीतून पश्चिमेच्या घरी जाणारा मनुष्य लवकर पोचला तर घरच्यांस त्याच्या प्रकृतीची काळजी वाटते. दोन्ही अंगे जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाचा पूल २०१८च्या जुलैत अंशतः कोसळला, २०२२च्या नोव्हेंबरात बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची नवी एक बाजू मोठ्या समारंभाने खुली झाली, तेव्हा असे दिसून आले की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंची सुमारे दीड मीटरने जुळत नाही. एक पूल वर, एक पूल खाली, आणि मध्ये हवा. एखाद्या जहाल पुढाऱ्याच्या नावाचा पूल असता तर काय अनर्थ झाला असता कोणास ठाऊक. परंतु नाव गोखल्यांचे असल्यामुळे नेमस्त पक्षाच्या परंपरेस अनुसरून अर्जविनंत्या, तज्ज्ञांचे अहवाल आणि सामोपचाराच्या वाटाघाटी झाल्या, आणि शेवटी दुसऱ्या पक्षालाच जॅकने वर उचलून त्याच वर्षीच्या जुलैत उभयतांचे मनोमीलन घडवून आणण्यात आले. पूर्ण पूल २०२५च्या मे महिन्यात खुला झाला. त्यावरून जाताना पाहुण्याने किंचित आदर दाखवावा. एवढा उदारमतवाद हल्ली स्थापत्यशास्त्रात क्वचितच पाहावयास मिळतो.

पूर्व-पश्चिम प्रवासाची ही दुर्घटता उपनगरांच्या कौटुंबिक इतिहासालाही कारणीभूत झालेली आहे. ८ जून २०१४ रोजी वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो सुरू झाली, बारा स्थानके आणि साडेअकरा किलोमीटरांहूनही थोडा कमी मार्ग, आणि त्या दिवसापर्यंत केवळ लग्नामुंजीत भेटणारे अंधेरीचे आणि घाटकोपरचे आप्त एकमेकांकडे अकस्मात, पूर्वसूचनेशिवाय, येऊ लागले. या संकटातून कित्येक घरे अद्याप सावरलेली नाहीत. मुलुंड आणि बोरिवली यांना मात्र निसर्गानेच संरक्षण दिले आहे. दोन्ही गावे नकाशावर अगदी शेजारी, परंतु मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे अरण्य आणि त्यात बिबटे. त्यामुळे मुलुंडच्या मनुष्याला बोरिवलीस आगगाडीने जायचे तर आधी पार दादरपर्यंत खाली उतरावे लागते आणि मग दुसऱ्या रुळांनी तितकेच वर चढावे लागते. मुलुंडचा मुलगा आणि बोरिवलीची मुलगी यांचे लग्न ठरले की मुलीची आई, मुलगी परगावी दिली, असेच म्हणते. डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे खणण्याचे काम सध्या चालू आहे. ते पुरे झाल्यावर माहेर जवळ येईल. या बातमीने दोन्हीकडच्या सासवांमध्ये जी अस्वस्थता पसरली आहे तिची दखल प्रकल्पाच्या कोणत्याही अहवालात घेतलेली नाही.

आता वेळेविषयी, कारण व्यापारी मनुष्याचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. टिपणांत लिहिलेले असते की भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. हे खरे आहे. पण अपुरे आहे. १९०६ साली ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने ती मानली नाही, आपली निराळी 'मुंबई वेळ', प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे चालणारी, तिने १९५५ पर्यंत टिकवून धरली, आणि माझ्या दीर्घ निरीक्षणानुसार ती अजूनही बंद झालेली नाही, तिचे फक्त क्षेत्र मर्यादित झाले आहे. उपनगरात दोन्ही वेळा एकाच मनुष्याच्या अंगी एकाच दिवशी नांदतात. आगगाडी पकडताना तो प्रमाणवेळ पाळतो, आणि ती अशा कठोरपणे पाळतो की "आठ एकोणपन्नासची" हे त्याच्या दृष्टीने गाडीचे नव्हे तर जवळच्या नातलगाचे नाव असते. ती चुकली तर तो पन्नासच्या गाडीत परक्यासारखा उभा राहतो. तोच मनुष्य तुमच्या अकराच्या बैठकीस अकरा एकोणचाळीसला, प्रसन्न मुद्रेने, कोणतीही दिलगिरी व्यक्त न करता येतो, कारण बैठका, मंगलकार्ये आणि प्लंबर यांना अद्याप मुंबई वेळच लागू आहे. दूरध्वनीवर त्याने "निघालोच" म्हटले तर तो स्नान करीत आहे असे समजावे. "पोचतोच आहे" म्हटले तर निघाला आहे. आणि "सिग्नलला आहे" म्हटले तर पाहुण्याने निःशंकपणे दुसरा चहा मागवावा.

आगगाडीत चढण्याविषयी वकिलाती सहसा सावधगिरीचा इशारा देतात आणि तो यथायोग्य आहे. आमची गर्दी मोजण्यासाठी जगातली मापे अपुरी पडल्यामुळे रेल्वेला 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी एक निराळी पायरी निर्माण करावी लागली, यावरून काय ते समजावे. चर्चगेट-बोरिवली मार्गावर १९९२ साली केवळ स्त्रियांसाठी संपूर्ण गाडी सुरू झाली, २०१७च्या नाताळात वातानुकूलित गाडीही आली. पण ज्याला या देशाची घटना समजून घ्यावयाची आहे त्याने साध्या दुसऱ्या वर्गात तिघांच्या बाकावरील चौथी जागा पाहावी. ती जागा अस्तित्वात नाही. बाक तिघांचा आहे, तिघे बसलेले आहेत, आणि तरीही चौथा मनुष्य येऊन नुसता उभा राहतो, बोटाने हवेत एक सूक्ष्म खूण करतो, आणि तिघेही वर न पाहता, वर्तमानपत्र वा मोबाइल यांतून दृष्टी न काढता, प्रत्येकी चार बोटे सरकतात. हा हक्क कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो नाकारलेला मी पाहिलेला नाही. मात्र विरारच्या गाडीत चढून बोरिवलीला उतरण्याचा प्रयत्न पाहुण्याने करू नये. त्याबाबतीत परराष्ट्र खातेही काही करू शकत नाही.

हवामान उष्ण आणि दमट असते, एवढे टिपणकार लिहितात आणि जुलैसाठी छत्रीची शिफारस करतात. आमचे हवामान मुंबईहून स्वतंत्र आहे याला वेधशाळेचाच आधार आहे, कारण तिची दोन ठाणी आहेत, एक कुलाब्याला आणि एक सांताक्रूझला. आणि २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझच्या ठाण्याने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला त्याच दिवशी कुलाब्याच्या ठाण्याने त्र्याहत्तरच्या आसपास नोंदवला. शहरातल्या साहेबांनी त्या संध्याकाळी बायकोला "येताना भजी आणतो" असे कळवले होते, आणि इकडे लोक छातीइतक्या पाण्यातून रात्रभर चालत घरी येत होते. त्या रात्री अनोळखी दारांतून मिळालेल्या चहाविषयी आणि पारले बिस्किटांविषयी उपनगरातला कोणताही मनुष्य अजून तासभर बोलू शकतो, आणि पाहुण्याने त्यास बोलू द्यावे. एरवी पावसाळ्यात अंधेरीच्या सबवेत पाणी भरले की नाही, हाच आमच्याकडे ऋतुमानाचा अधिकृत पुरावा मानतात.

विजेचा दाब २३० व्होल्ट. मुलुंडची वीज महावितरणची आणि अंधेरी-बोरिवलीची खाजगी कंपन्यांची, एवढा बारकावा पाहुण्याने विसरला तरी चालेल. मुलुंडकर तो विसरू देणार नाही.

चलन रुपया आहे. परंतु रुपयाहून दुर्मीळ वस्तू म्हणजे सुट्टे. विमानतळावर मोठ्या ऐटीने घेतलेली पाचशेची कोरी नोट घेऊन वडापावच्या गाडीवर गेलेल्या परदेशी मनुष्याकडे गाडीवाला ज्या करुणेने पाहतो, तिची बरोबरी फक्त बँकेच्या बंद काउंटरवरच्या कारकुनाशी होऊ शकेल. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आणि आता घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसेवाल्यापासून लिंबूमिरची टांगणाऱ्यापर्यंत प्रत्येकाजवळ ठिपक्यांची ती चौकोनी पाटी आणि रक्कम मोठ्याने उच्चारणारी डबी असते. सोय खरीच, पण त्यामुळे कोणी कितीची भाजी घेतली हे गुप्त राहिलेले नाही, आणि शेजारणीच्या पिशवीत पाव किलोच भेंडी आहे ही वार्ता डबीच्या तोंडून सबंध बाजाराला कळते.

व्यापारी पाहुण्याचे काम बहुधा सीप्झमध्ये असते. १९७३ साली स्थापन झालेल्या या निर्यातक्षेत्राच्या पूर्ण नावात सांताक्रूझ आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे. प्रत्यक्षात ते अंधेरीत आहे आणि त्याची ख्याती हिरेमाणकांच्या दागिन्यांसाठी आहे. पत्त्यांच्या बाबतीत हेच धोरण सर्वत्र अवलंबिले जाते. चार बंगल्याला आणि सात बंगल्याला जाऊन बंगले मोजू नयेत. घराचा क्रमांक ही गोष्ट पत्त्यात शोभेपुरती असून खरा पत्ता "समोर", "मागे" आणि "बाजूला" या तीन शब्दांत असतो, आणि ज्याच्या समोर, मागे वा बाजूला यावयाचे ती इमारत पुष्कळदा पुनर्विकासात पाडून टाकलेली असते. तरीही पत्ता तोच राहतो. पूर्वीच्या सिनेमागृहासमोर असे सांगून लोक तुम्हांस आणतात, आणि तुम्ही येताही.

बैठकीत चहा येतो. तो नाकारू नये. पाहुण्यास प्रारंभी "सर" म्हणतात, आणि बाई असल्यास "मॅडम"; दुसऱ्या चहानंतर त्या बाई "ताई" होतात आणि मग दरात थोडी सूट मिळणे अशक्य नसते. "बघतो" या उत्तराचा अर्थ नाही असा होतो, "करून टाकू" याचा अर्थ बघतो असा होतो, आणि होकार खरोखर असेल तर कोणी काहीच बोलत नाही, एकदम माल कधी पाठवायचा ते विचारतात. रात्रीच्या भोजनात कोणी कांदा-लसूण खात नाही, कोणी कंदमूळ खात नाही, कोणी गुरुवारी मांसाहार करीत नाही आणि कोणी वर्सोव्याच्या ताज्या बोंबलांखेरीज दुसरे काही अन्न मानीत नाही. हे चौघेही एकाच कंपनीचे संचालक असू शकतात. मद्यासाठी आमच्याकडे 'परमिट रूम' नावाची संस्था आहे. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अद्याप जारी असून पिणाऱ्याजवळ प्रकृतीच्या कारणास्तव परवाना असावा अशी त्यात योजना आहे. त्या खोलीत बसलेल्या मंडळींची प्रकृती पाहता सरकारचा अंदाज चुकलेला दिसत नाही.

परंतु पाहुण्याचा खरा प्रवेश विमानतळावर होतच नाही. तेथे पारपत्रावर शिक्का मारणारा अधिकारी चार प्रश्न विचारून सोडतो; परदेशी मनुष्यास उतरवून घेणाऱ्या यजमानाने ठरावीक फॉर्म भरून सरकारला कळवावे असाही शिरस्ता आहे; पण हे सर्व सोपस्कार सोसायटीच्या फाटकापुढे फिके पडतात. आमच्या इमारतीत कोणाकडे तरी एक जर्मन अभियंता आला होता. रखवालदाराने त्यास लांबट, कोपरे दुमडलेली नोंदवही दिली आणि दोरीने बांधलेले पेन दिले, जे दोरी आखूड असल्यामुळे वहीच्या डाव्या अर्ध्यातच चालते. नाव, कोठून, कोणाकडे, गाडी क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही, असे रकाने. वरच्या ओळीत कुरिअरवाल्याने "कोठून"पुढे "अंधेरी" लिहिले होते, त्याखाली जर्मन गृहस्थाने सुवाच्य अक्षरात "श्टुटगार्ट" लिहिले, गाडी क्रमांकाच्या रकान्यात विमानाचा क्रमांक घातला, आणि वेळ मिनिटासह नोंदवली. रखवालदाराने वही उलटी धरून ती नोंद तपासली आणि अंतर्गत दूरध्वनीवरून विचारले, "साहेब, एक गोरा आलाय. सोडू का?" तेवढ्यात बाकावरच्या ज्येष्ठ नागरिकांनी उरलेली चौकशी आटोपली: पगार किती, लग्न झाले का, नसल्यास का नाही, आणि जर्मनीत तूरडाळ मिळते का. परतताना त्या गृहस्थाने पुन्हा वही मागून घेतली आणि जाण्याच्या रकान्यात वेळ लिहिली. हा रकाना वहीत असतो हे आम्हांस ठाऊक होते, पण तो भरलेला कोणी पाहिला नव्हता. नोंदवहीप्रमाणे पाहू गेल्यास आमच्या इमारतीत आजवर आलेले सर्व पाहुणे, गॅसवाले, विमाप्रतिनिधी आणि निवडणुकीचे उमेदवार अद्याप आतच आहेत, एक तो जर्मन तेवढा बाहेर गेला.

पाहुण्यांची नावे लिहून ठेवण्याची ही प्रथा या मुलखात जुनी आहे. बोरिवलीच्या उद्यानातील कान्हेरीच्या शंभरावर लेण्यांपैकी एकीत पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, त्यांत इ.स. १००९ आणि १०२१ या सालांत लेणी पाहावयास आलेल्या पारशी मंडळींची नावे, बापांच्या नावांसकट आणि तारखेसकट, दिलेली आहेत. जाण्याची वेळ त्यांनीही लिहिलेली नाही. आजच्या पाहुण्याने तेथे अवश्य जावे, मात्र आपले नाव कोरू नये, पुरातत्त्व खाते त्यास गुन्हा मानते. एक दिवस आणखी सापडल्यास अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल पाहावा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा सुमारे साठ मीटर उंचीचा काळा स्तंभ आहे, याच्या जातीचे खडक अमेरिकेत राष्ट्रीय स्मारके म्हणून मिरवतात. आमच्याकडे तो इमारतींच्या मागे उभा आहे. रिक्षावाल्यास इंग्रजी नाव सांगून उपयोग नाही, "गावदेवी डोंगरी" म्हणावे. माथ्यावर देवीचे देऊळ आहे आणि भोवतालच्या उंच इमारतींतील लोकांना तेथून तुम्ही काय खात आहात ते स्पष्ट दिसते.

शेवटी प्रस्थानाविषयी. उपनगरातील घरातून निघण्यास दिवाणखाना, उंबरठा, लिफ्टचे दार आणि फाटक असे चार टप्पे असून प्रत्येक टप्प्यावर मूळ विषय नव्याने सुरू होतो, तेव्हा विमानाच्या वेळेतून त्यासाठी निराळा तास काढून ठेवावा. तिसऱ्या टप्प्यावर यजमानीणबाई चिवडा, चकली, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी यांचे गाठोडे हाती देतात. ते नाकारणे हा अपमान समजला जातो. लोणचे हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, आणि सुके खोबरे, त्यातील तेल पेट घेते म्हणून, २०२२ पासून मोठ्या बॅगेतही चालत नाही. म्हणून बॅग भरण्यापूर्वी बाईंना स्पष्टपणे विचारावे की यात खोबऱ्याच्या वाट्या आहेत काय. त्या नाही म्हणतील. तरी मसाल्याच्या पुडीखाली एकदा हात घालून पाहावे.